गिअरपेटीतील तेल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणावरून)



या व्याख्यानमालेत माझ्या आधीच्या वक्त्यांनी तंजावरच्या मराठी राजवटीवर आणि संतवाङ्मयावर आपणांस फार चांगले ऐकविले. त्यांच्यामागून उभे राहून मोटारीच्या गिअरपेटीतील तेल घरच्या घरी कसे बदलावे यावर बोलावयाचे, हे पक्वान्नांच्या पंगतीत अखेरीस कोणी पिठले वाढावे तसे आहे. परंतु कार्यवाहांचा आग्रह पडला. ते म्हणाले, "काका, मंडळाच्या आवारात आम्ही तुम्हांला व्यासपीठावर कमी आणि गाडीखाली अधिक वेळा पाहिले आहे, तेव्हा त्याच विषयावर बोला." त्यांचे म्हणणे मला मान्य करणे भाग पडले.

मी मूळचा सोलापूरचा. १९७९ साली मद्रासला आलो तो गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरीसाठी. त्या वेळी हे शहर मोटारींचे माहेरघर म्हणून ओळखले जाऊ लागले होते. एण्णूरला अशोक लेलँडच्या मालमोटारी तयार होत. वंडलूरच्या बाजूला स्टँडर्ड कंपनीचा कारखाना होता आणि तेथून निघालेल्या 'हेरल्ड' गाड्या माऊंट रोडवर सर्रास दिसत. मला मात्र ओढ होती ती फियाटची. त्याला कारण साधे होते. १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन करणारे वालचंद हिराचंद हे आमच्या सोलापूरचे, आणि गाडी बनत असे मुंबईच्या कुर्ल्याला. परक्या गावी दारात एखादी गाडी उभी करावयाची तर ती आपल्या मुलखातली असावी, असे मनाने घेतले. १९८६ साली एक जुनी प्रीमिअर पद्मिनी पदरात पडली.

पदरात पडली खरी, पण तिचा दुसरा गिअर पडेना! सकाळी गाडी बाहेर काढावी, तर दांडी ओढताच आतून असा करकराट होई की शेजारची माणसे खिडकीत येत. विकणाऱ्या गृहस्थांना विचारले, "गिअर ऑइल कधी बदलले होते?" त्यांनी प्रतिप्रश्न केला, "ते बदलावयाचे असते?"

मित्रहो, आज इतक्या वर्षांनंतरही हाच प्रश्न मला विचारला जातो, आणि माझ्या आजच्या बोलण्याचे मूळ तेथेच आहे. इंजिनातील तेल आपण बदलतो, कारण त्यासाठी मोजपट्टी असते, डॅशबोर्डवर दिवा असतो, दुरुस्तीच्या कागदावर त्याची नोंद असते. गिअरपेटीतील तेलाला बहुतेक गाड्यांत यातले काहीच नसते. ते दिसत नाही आणि बोलत नाही. संपूर्ण बिघडून गेले तरी गाडी चालतच राहते. आणि ज्या दिवशी चालत नाही, त्या दिवशी तेल बदलून काही उपयोग उरलेला नसतो. म्हणून हे तेल कोणीतरी मुद्दाम जाऊन पाहावे लागते. ते आपण स्वतः पाहावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम हे तेल करते काय ते पाहू. गिअरपेटीत दंतचक्रांच्या जोड्या असतात. इंजिनाची सारी शक्ती त्या दातांवरून चाकांकडे जाते. एका दाताने दुसऱ्या दातावर देण्याचा दाब इतका मोठा असतो की साधे तेल मधून चेपले जाऊन बाहेर पडेल आणि धातूवर धातू घासेल. म्हणून या तेलात गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे घातलेली असतात. ती दातांच्या पृष्ठभागावर एक सूक्ष्म थर धरतात. गिअर ऑइलला जो उग्र, सडका वास येतो तो याच गंधकाचा. पहिल्यांदा मी स्वयंपाकघरातील नरसाळे न विचारता नेले होते. त्यानंतर ते नरसाळे स्वयंपाकघरात परत जाऊ शकले नाही, आणि काही दिवस मलाही तेथे फारसे स्वागत नव्हते.

दुसरे काम अधिक नाजूक आहे. पूर्वीच्या गाड्यांत गिअर बदलताना चालकाला दोनदा क्लच दाबून चक्रांचा वेग स्वतः जुळवावा लागे. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीमध्ये 'सिंक्रोमेश' नावाची रचना आली. तिच्यात शंकूच्या आकाराचे एक कडे, बहुधा पितळेचे, चक्राला हलकेच घासून दोहोंचा वेग समान करते आणि मगच दात एकमेकांत बसतात. म्हणजे पाहा, तेलाने दातांना घसरू द्यावयाचे, परंतु या कड्याला किंचित पकड घेऊ द्यावयाची. तेल जुने झाले, त्यात धातूची पूड मिसळली, की ही दोन्ही कामे बिघडतात. माझ्या पद्मिनीचा करकराट तो हाच.

आता माझी फजिती सांगतो. एका रविवारी सकाळी मी गाडी वाड्याच्या फरशीवर घेतली, खाली शिरलो, तळाचा प्लग खोलला आणि सगळे जुने तेल घमेल्यात सोडले. मोठ्या अभिमानाने प्लग पुन्हा घट्ट बसविला. मग बाजूचा, तेल भरावयाचा प्लग उघडू लागलो. तो काही हालेना. वर्षानुवर्षे कोणी हात लावलेला नव्हता. जोर केला तसे त्याचे कोपरे झिजून गोल झाले आणि पाना फिरू लागला. गाडीत तेलाचा थेंब नाही, भरावे तर वाट नाही, आणि गाडी ढकलत नेण्यापलीकडे इलाज नाही!

मला तमिळ तेव्हा फारसे येत नव्हते. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मी नुसते "मेस्त्री, मेस्त्री" म्हणालो. दुकानदाराला ते तत्काळ कळले. पोर्तुगीजांनी हा शब्द त्यांनाही दिला आणि आपल्यालाही; 'चावी'चेही तसेच. गावाकडून येताना आपण काय काय मागे सोडून आलो याचा हिशेब करीत बसलेल्या माणसाला असा एखादा शब्द इथे आधीच येऊन बसलेला भेटतो, तेव्हा फार बरे वाटते.

मेस्त्री सायकलवरून आले. त्यांनी छिन्नी आणि हातोडी घेऊन चार हलक्या ठोक्यांत तो प्लग फिरविला. नंतर मला जवळ बोलावून तमिळमध्ये काही सांगितले. दुकानदाराने त्याचा अर्थ सांगितला तो असा : आधी भरावयाची वाट उघडा, मग रिकामे करा. मित्रहो, या विषयावर मी पुढे बरीच पुस्तके वाचली. त्यांत याहून महत्त्वाचे वाक्य मला सापडले नाही.

तेव्हा आता क्रमाने कृती सांगतो. ज्यांना लिहून घ्यावयाचे असेल त्यांनी घ्यावे.

गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणावी, म्हणजे तेल कोमट होऊन पातळ होते आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर पडते. गाडी सपाट जागेवर उभी करावी. चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. गाडी उचलावयाची असेल तर जॅकने उचलावी, परंतु नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही, कधीही गाडीखाली जाऊ नये. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. भक्कम लोखंडी स्टँड लावावेत आणि गाडी चारी चाकांवर सारखीच सपाट राहील असे पाहावे. नाहीतर तेलाची पातळी चुकते. ज्याच्याकडे स्टँड नाहीत त्याने हे काम करू नये. हे वाक्य मी दोनदा म्हटले असे समजा.

प्रथम भरावयाचा प्लग उघडावा. तो निघाला तरच तळाच्या प्लगला हात लावावा. तेल धारेने पडेल. ते थेंबावर येईपर्यंत अर्धा तास शांतपणे थांबावे. या अर्ध्या तासात तळाचा प्लग हातात घेऊन नीट पाहावा. पुष्कळ प्लगांना लोहचुंबक असतो. त्यावर काजळासारखी करडी, मऊ पूड असेल तर चिंता नको; ती नेहमीची झीज होय. पिवळे, चकाकणारे कण तेलात दिसले तर पितळेची कडी झिजत आहेत असे समजावे. आणि बोटाला टोचेल असा पोलादाचा तुकडा मिळाला, तर नवे तेल भरण्यापूर्वी जाणकाराला गाठावे. वैद्याने नाडी पाहावी तशी ही परीक्षा आहे, आणि ती दुसऱ्याच्या हाती गाडी दिली म्हणजे आपल्या वाट्याला येत नाही.

चुंबक पुसून, नवा वायसर घालून प्लग बसवावा. पेटी ॲल्युमिनियमची असते. बेताने आवळावे, फार जोर केला की आटे जातात, आणि मग दोन रुपयांच्या वायसरची गोष्ट सगळ्या पेटीवर येते. नंतर लांब नळी आणि नरसाळे, किंवा हातपंप, यांच्या साहाय्याने बाजूच्या भोकातून सावकाश तेल भरावे. बहुतेक गाड्यांत भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल आले आणि बाहेर पाझरू लागले की पातळी बरोबर झाली. कमी नको, तसेच अधिकही नको; जास्त तेलाचा फेस होतो आणि ते सीलमधून वाट काढते.

तेल कोणते, हा प्रश्न सर्वांत अधिक चुकतो. आपण जनरल पॅटर्स रोडवर जातो, दुकानदार विचारतो "कोणते?", आणि आपण म्हणतो "चांगले द्या." येथे 'चांगले' या शब्दाला अर्थ नाही. डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असे लिहिलेले असते. पाच हा आकडा चारापेक्षा मोठा, म्हणून ते अधिक चांगले, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः जीएल-५ हे मुख्यतः मागच्या धुऱ्याच्या डिफरन्शियलसाठी असते. त्यात दाब सोसणारी संयुगे अधिक असतात. त्यांपैकी काही पितळेला खातात, आणि शंकूच्या कड्याला हवी असलेली पकडही बिघडवितात. ज्या पेटीसाठी जीएल-४ सांगितले असेल तीत तेच घालावे. दुसरा गोंधळ आकड्यांचा. गिअर ऑइलवर ९० लिहिलेले पाहून ते इंजिनाच्या ४० नंबरी तेलाच्या दुप्पट दाट, असे समजू नये. दोहोंची मोजमापे निराळी आहेत. ९० नंबरी गिअर ऑइल दाटपणात इंजिनाच्या ४० ते ५० नंबरी तेलाच्या आसपासच असते. काही गाड्यांच्या पेटीत तर याहून वेगळेच पातळ तेल लागते. म्हणून गाडीबरोबर आलेले पुस्तक उघडावे. तेलाची जात, माप आणि किती किलोमीटरांनी ते बदलावयाचे, हे तिघेही तेथे राहतात.

आता ज्या प्रसंगासाठी मी एवढी प्रस्तावना केली, तो सांगतो.

२०१५ च्या डिसेंबरची १ आणि २ तारीख येथे बसलेल्यांपैकी कोणी विसरले असेल असे वाटत नाही. अड्यार नदी घरांत शिरली होती. आपल्याच मंडळातील एक तरुण दांपत्य तेव्हा कोट्टुरपुरमला तळमजल्यावर राहत होते. त्या तरुणाची आई उपचारांसाठी गावाहून आलेली होती. आठवड्यातून दोनदा तिला रुग्णालयात न्यावे लागे. पाणी ओसरले तेव्हा गाडी खिडकीपर्यंत भिजून, चिखलाने माखून उभी होती. मी पोहोचलो तो तो मुलगा नवी बॅटरी घेऊन आलेला. "काका, ही जोडली की सुरू होईल ना?"

मी त्याच्या हातातून चावी काढून घेतली. पाण्यात राहिलेल्या गाडीचे इंजिन तसेच सुरू केले आणि सिलिंडरमध्ये पाणी असले, तर पाणी दाबले जात नाही. वाकतो तो आतला दांडा. हे त्याला ठाऊक होते. परंतु गिअरपेटीविषयी त्याला फोनवर कोणीतरी सांगितले होते की ती बंद असते, तिच्यातील तेल जन्मभराचे असते, पाहण्याची गरज नाही. मित्रहो, पेटी बंद असते हे अर्धसत्य आहे. आतील हवा तापून फुगते तेव्हा तिला बाहेर पडावयास वर एक लहान श्वासनळी ठेवलेली असते. जेथून हवा जाते तेथून पाणीही जाते.

आम्ही दोघांनी प्लग उघडले, आधी वरचा आणि मग तळाचा. पहिल्याने आले ते तेल नव्हे, चक्क पाणी. तेलाहून जड असल्यामुळे ते तळाशी बसलेले होते. त्यामागून जे आले त्याचा रंग आपल्या इथल्या फिल्टर कॉफीसारखा. तेल आणि पाणी घुसळले गेले की असा रंग येतो, आणि ते मिश्रण वंगणाचे काम करीत नाही. उलट बेअरिंगांना गंज चढवीत बसते. तो मुलगा त्या घमेल्याकडे पाहत नुसता उभा राहिला.

आम्ही योग्य जातीचे नवे तेल भरले. इंजिनाचे आणि विजेचे काम दुसरीकडून झाल्यावर गाडी थोडी फिरविली आणि ते तेल पुन्हा सोडले. अजून दुधाळ होते. तिसऱ्या खेपेस स्वच्छ आले. तोवर रुग्णालयाच्या फेऱ्या रिक्षाने आणि माझ्या गाडीने झाल्या. त्या गाडीची पेटी पुढे अनेक वर्षे विनातक्रार चालली. त्याच रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या एका गाडीचे इंजिन तत्परतेने दुरुस्त झाले, गाद्याही नव्या आल्या. पेटीकडे मात्र कोणी पाहिले नाही. काही महिन्यांनी तिच्यातून घुरघुर येऊ लागली आणि अखेर सगळी पेटी बदलावी लागली. दोहोंमधील फरक पैशाचा नव्हता, विद्येचाही नव्हता. एका ठिकाणी कोणीतरी खाली वाकून पाहिले, एवढाच.

या गोष्टीची दुसरीही एक बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून मला खाली बसता येणार नाही. घमेल्यातील जुने तेल कोठे जाते? पूर्वी मीही ते गटारात ओतीत असे. हे कबूल करताना मला लाज वाटते. आपली गटारे कूवममध्ये, अड्यारमध्ये, बकिंगहॅम कालव्यात जातात, आणि पूर आला म्हणजे तेच पाणी आपल्या उंबऱ्याशी परत येते. डिसेंबर २०२३ मध्ये 'मिचाँग' वादळाच्या पुरानंतर एण्णूरच्या खाडीत तेल पसरले, तेव्हा कोळ्यांच्या होड्या आणि जाळी काळी झालेली आपण पाहिली. ते तेल तुमच्या-माझ्या गाडीचे नव्हते हे खरे. परंतु आपल्या घमेल्यातल्या तेलाचा गुण तोच. कायद्याने वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते जुन्या डब्यात भरावे, झाकण लावावे आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे तेल पाठविणाऱ्या कार्यशाळेत नेऊन द्यावे. हे काम पुरे झाल्यावाचून तेल बदलणे पुरे झाले असे मानू नये.

तरुण मंडळी म्हणतील, काका, आता कोठे राहिल्या त्या गाड्या? खरे आहे. पद्मिनी बनणे कधीच थांबले. मुंबईच्या रस्त्यावरील तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. श्रीपेरंबुदूरला १९९८ पासून ह्युंदाईच्या गाड्या बनू लागल्या आणि त्यांच्यामागून पुष्कळ काही आले. आता स्वयंचलित गिअरच्या गाड्या घरोघरी आहेत. त्यांच्याविषयी एक सावधगिरी सांगतो. ज्या गाडीत क्लचचे पेडल नाही पण आतली पेटी साधीच आहे, जिला एएमटी म्हणतात, तिचे तेल पुष्कळसे मी सांगितले त्याच रीतीने बदलता येते. परंतु पूर्ण स्वयंचलित, सीव्हीटी किंवा दोन क्लचच्या पेटीतील द्रव निराळा असतो. तो नुसते वंगण नसतो. दाब वाहून नेण्याचे कामही तोच करतो, आणि त्याची पातळी ठरावीक तापमानाला मोजावी लागते. तेथे घरच्या घरी हात घालू नये. तेथे आपले काम एवढेच, की पुस्तकात सांगितलेला द्रवच घातला ना, हे उभे राहून पाहावे. आणि विजेच्या गाडीत तेल नसतेच असे समजणाऱ्यांस सांगतो, मोटारीचा वेग कमी करणारी दंतचक्रे तिच्यातही आहेत, आणि ती तेलातच बुडालेली आहेत.

आपण सारी मंडळी गाव सोडून येथे आलो. गावी अडचण आली तर हाक मारावयास दहा माणसे असतात. येथे पहिली काही वर्षे ती नसतात, म्हणून माणूस आपल्या हातांनी कामे करावयास शिकतो. आणि शिकता शिकता मेस्त्री भेटतो, दुकानदार भेटतो, मंडळ भेटते. मग आपणही कोणाच्या तरी हाकेला जाऊ शकतो. माझ्या दृष्टीने मंडळाच्या पन्नास वर्षांचा अर्थ असा आहे.

पुढील महिन्यात एका रविवारी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, मंडळाच्या आवारात मी हे काम करून दाखवीन. स्टँड आणि पाने माझे. घमेले, चिंध्या आणि आपापल्या गाडीचे पुस्तक ज्याने त्याने आणावे. मुलींनीही यावे, पाना हाताची जात पाहत नाही. नरसाळे मात्र घरी विचारून आणावे.